आयपॅडला टक्कर द्यायला आलेले टॅबलेट आणि लोक खरं काय म्हणत होते

प्रश्न असा आलाय की "आयपॅडला टक्कर" म्हणून कुठला ना कुठला टॅबलेट सतत येत असतो, पहिल्या आठवड्यात कोणी त्याला डोक्यावर घेतं, कोणी शिव्या घालतं, आणि सहा महिन्यांनी नावही निघत नाही, तर या प्रतिक्रियांवर विश्वास किती ठेवायचा, त्या वाचायच्या कशा, आणि या सगळ्यांनी आयपॅडचं काहीच वाकडं केलं नाही का. मी अमेरिकेत बरीच वर्षं याच धंद्यात आहे, आधी दुकानात टॅबलेट विकायचो आणि नंतर गिऱ्हाइकांचे रिव्ह्यू आणि माल परत करण्याची कारणं वाचून काढायचं काम करायला लागलो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. उदाहरणं मुद्दाम २०११-१२ ची घेतोय, कारण त्या दोन वर्षांत आयपॅडसमोर इतके जण उभे राहिले आणि त्यांचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, आजच्या एखाद्या टॅबलेटबद्दल लिहिलं तर तो अंदाज होईल.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. रिव्ह्यू लिहिणारा टॅबलेटबद्दल बोलतोय असं आपल्याला वाटतं, पण तो बोलत असतो त्याने मोजलेल्या पैशांबद्दल आणि घेताना मनात जे काम धरलं होतं त्याबद्दल. हे दोन धागे धरून वाचलं की पाच स्टार आणि एक स्टार एकाच वस्तूला का मिळतात ते कळायला लागतं.

तेव्हाची परिस्थिती आठवा. पहिला आयपॅड ३ एप्रिल २०१० ला विक्रीला आला, किंमत ४९९ डॉलरपासून, आणि ८० दिवसांत ३० लाख खपले. मग मार्च २०११ मध्ये आयपॅड २ आला, जाडी ८.८ मिलिमीटर, वजन साधारण ६०० ग्रॅम, आणि किंमत तीच. बाकीच्या कंपन्यांना खरा फटका या "किंमत तीच" ने बसला. त्यांनी आपापले टॅबलेट पहिल्या आयपॅडकडे बघून बनवले होते आणि बाजारात येईपर्यंत समोर दुसराच उभा होता. मोटोरोलाचा झूम नावाचा टॅबलेट त्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी आला, व्हेरायझन या मोबाइल कंपनीकडे कॉन्ट्रॅक्टशिवाय ८०० डॉलर. त्यात मेमरी कार्डाचा स्लॉट होता पण विकत घेतला त्या दिवशी तो चालत नव्हता, अपडेट नंतर येणार म्हणे, आणि ४जी पाहिजे असेल तर टॅबलेट कंपनीकडे परत पाठवून बदलून घ्यायचा. झूमच्या प्रतिक्रियांमध्ये "नंतर" हा शब्द जितका दिसायचा तितका दुसरा कुठलाच नाही. स्क्रीन चांगली, स्पीड चांगला, अँड्रॉइड ३.० नवीन, सगळं मान्य, पण आठशे डॉलर आज मोजायचे आणि वस्तू नंतर पूर्ण होणार हे माणसाला पटत नाही. आयपॅड २ च्या कार्यक्रमात स्टीव्ह जॉब्सनी सांगितलं की आयपॅडसाठी खास बनवलेली ६५ हजार ॲप्स आहेत आणि अँड्रॉइडच्या नव्या टॅबलेटसाठी जेमतेम शंभर. विकणाऱ्याचा आकडा म्हणून तो सोडून द्या हवं तर, पण घरी जाऊन स्टोअर उघडलं की गिऱ्हाइकाला तेच दिसायचं.

आता मूळ उदाहरण, एचपीचा टचपॅड. माझ्या मते प्रतिक्रिया कशा वाचायच्या हे शिकायला याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही. एचपीने २०१० मध्ये पाम ही फोन बनवणारी कंपनी १२० कोटी डॉलरला घेतली, का तर त्यांची वेबओएस ही (अँड्रॉइडसारखी) ऑपरेटिंग सिस्टीम पाहिजे होती, आणि त्यावर बनवलेला टचपॅड १ जुलै २०११ ला आणला. स्क्रीन ९.७ इंच, आयपॅडएवढीच. किंमत ४९९ आणि ५९९, तीही आयपॅडएवढीच. पण जाडी १३.७ मिलिमीटर, वजन ७४० ग्रॅम, मागची बाजू चकचकीत प्लास्टिकची, मागे कॅमेरा नाही.

दुकानात टॅबलेट विकत घ्यायला आलेला माणूस काय करतो ते मी रोज बघायचो. डेमो पीस शेजारी शेजारी मांडलेले असतात, माणूस एका हातात एक उचलतो, दुसऱ्या हातात दुसरा, दोन्ही हात जरा वरखाली करतो, मग पाठ उलटी करून बघतो, अंगठा फिरवतो, आणि मग किमतीची पट्टी वाचतो. प्रोसेसर, रॅम, हे सगळं त्याच्या नंतर, आणि बऱ्याचदा तिथपर्यंत गाडी जातच नाही. टचपॅडच्या पट्टीवर तीच किंमत आणि हातात दीडशे ग्रॅम जास्त, मग सेल्समनने काहीही सांगू दे.

आणि सांगण्यासारखं खरंच होतं हो. एका वेळी उघडलेली ॲप्स पत्त्यांसारखी समोर मांडलेली, बोटाने वर ढकललं की बंद, हे पुढे सगळ्यांनीच उचललं. केबलशिवाय नुसतं स्टँडवर ठेवून चार्जिंग व्हायचं, २०११ मध्ये. ज्यांनी आपणहोऊन वेबओएससाठी टचपॅड घेतला त्यांचे पहिल्या आठवड्यातले रिव्ह्यू आजही वाचले तर मन भरून येतं, इतक्या प्रेमाने लिहिलेत. पण ती माणसं आधीपासून पामची होती. ते आयपॅड सोडून इकडे आले नव्हते, ते आयपॅडकडे कधी जाणारच नव्हते. नवीन डिव्हाइसच्या पहिल्या आठवड्यातल्या प्रतिक्रिया नेहमी अशाच लोकांच्या असतात, एकतर ब्रँडचे पक्के चाहते नाहीतर ज्यांनी हातही लावलेला नाही असे विरोधक. नव्याचे नऊ दिवस म्हणतो ना आपण, ते नऊ दिवस सोडून पुढचं वाचायला सुरुवात करा.

पुढे काय झालं ते माहीतच असेल. ऑगस्टच्या सुरुवातीला किंमत शंभर डॉलरने उतरवली, तरी माल हलेना. एका मोठ्या दुकान साखळीने दोन लाख सत्तर हजार नग घेतले आणि पंचवीस हजारच विकले गेले अशी बातमी तेव्हा आली होती. १८ ऑगस्टला एचपीने सरळ जाहीर केलं की टचपॅड बंद. विक्रीला येऊन सात आठवडे झाले होते. आणि त्या शनिवारी, २० ऑगस्टला, किंमत केली ९९ डॉलर आणि १४९ डॉलर. त्यावर अक्षरशः उड्या पडल्या. दुकानांबाहेर रांगा, वेबसाइट लोडच होईनात, शनिवार-रविवारात माल संपला, इतका की एचपीने बंद केलेल्या टॅबलेटचा अजून एक लॉट बनवायचं जाहीर केलं.

आता त्या आठवड्यातले रिव्ह्यू जुलैच्या रिव्ह्यूंशेजारी ठेवून वाचा. वस्तू तीच, वजन तेच, प्लास्टिक तेच, ॲप्स तितकीच कमी, आणि आता तर कंपनीने हात वर केलेत, म्हणजे पुढे नवीन काही येणारही नाही. पण सूर बघाल तर "थोडा जड आहे पण चालतं", "ब्राउझर आणि व्हिडिओला मस्त आहे", "पोरांना गाडीत द्यायला झकास". जुलैमध्ये जे दोष म्हणून लिहिले जायचे ते आता वाक्याच्या सुरुवातीला येऊन "पण" च्या आधी संपायला लागले. यातून कोणी म्हणेल की लोकांना स्वस्त पाहिजे होतं बस, पण मला ते अर्धवट वाटतं. ४९९ ला माणूस विचारत होता "हा आयपॅडच्या जागी चालेल का", आणि ९९ ला तो विचारत होता "घरात सोफ्यावर पडून यूट्यूब बघायला चालेल का". प्रश्न बदलला म्हणून उत्तर बदललं, आणि दोन्ही उत्तरं आपापल्या जागी खरी आहेत. इतकंच नाही, ऑक्टोबरपर्यंत हौशी लोकांनी त्याच टचपॅडवर अँड्रॉइड चढवायची सोयही करून दिली, त्यामुळे कंपनीने सोडून दिलेला टॅबलेट कितीतरी घरांत पुढे वर्षानुवर्षं वापरात राहिला. (वेबओएस पण गेलं नाही बरं का, २०१३ मध्ये एलजीने घेतलं आणि आज तुमच्याकडे एलजीचा स्मार्ट टीव्ही असेल तर त्यात तेच आहे.)

त्याच वर्षी नेमकं उलटं उदाहरण आलं, ॲमेझॉनचा किंडल फायर. ॲमेझॉनचे तेव्हाचे प्रमुख जेफ बेझोसनी २८ सप्टेंबर २०११ ला न्यूयॉर्कमध्ये दाखवला, नोव्हेंबरच्या मध्यात लोकांच्या हातात पडला, किंमत १९९ डॉलर. स्क्रीन सात इंच, स्टोरेज आठ जीबी, कॅमेरा नाही, माइक नाही, ब्लूटूथ नाही, ३जी नाही. कागदावर बघाल तर आयपॅडसमोर काहीच नाही, बाहेरच्या विश्लेषकांचा तर अंदाज असा होता की बनवायलाच साधारण दोनशे डॉलर लागत असावेत, म्हणजे कमाई डिव्हाइसवर नव्हतीच, पुढे पुस्तकं, सिनेमे, गाणी विकण्यावर होती.

तक्रारी भरपूर आल्या आणि खऱ्या होत्या. आवाज कमीजास्त करायला बटणच नव्हतं, स्क्रीनवर जाऊन करायचा. पॉवरचं बटण खालच्या कडेला, म्हणजे पलंगावर आडवं पडून छातीवर टेकवून वाचायला लागलं की बटण दाबलं जाऊन स्क्रीन बंद. पहिल्याच पानावर तुम्ही शेवटचं जे जे उघडलं ते सगळं मोठ्या चित्रांत दिसायचं आणि काढता यायचं नाही, मग नवऱ्याने बायकोसाठी गिफ्ट शोधलं असेल तर बायकोला टॅबलेट उघडताक्षणी कळायचं, आणि मुलांच्या हातात दिला तर ती एका टचमध्ये खरेदी करून मोकळी. जेकब नील्सननी, जे वेबसाइट आणि डिव्हाइस वापरायला सोपी आहेत का हे तपासणारे नावाजलेले तज्ज्ञ, डिसेंबरमध्ये चार जणांना वापरायला देऊन बघितलं आणि अनुभव निराशाजनक आहे असं स्पष्ट लिहिलं, कारण कॉम्प्युटरसाठी बनवलेल्या वेबसाइट सात इंचांवर उघडल्या की लिंकवर बोट नीट पडतच नाही.

आणि तरीही तो त्या सीझनमध्ये धडाक्यात विकला गेला. ॲमेझॉनने नेमका आकडा कधी दिला नाही, पण डिसेंबरमध्ये पुस्तकं वाचायचे साधे किंडल आणि फायर असे सगळे किंडल मिळून आठवड्याला दहा लाखांच्या वर जातायत आणि त्यात फायर पुढे आहे एवढं सांगितलं. नाताळच्या आधीच अपडेट काढून पहिल्या पानावरची चित्रं काढायची सोय दिली. इथे लक्षात घ्यायची गोष्ट ही की किंडल फायरवरच्या एक आणि दोन स्टारच्या रिव्ह्यूंमध्ये आयपॅडचं नाव वारंवार यायचं आणि चार-पाच स्टारवाल्यांमध्ये फारच कमी. ज्याने "स्वस्तातला आयपॅड" म्हणून घेतला त्याच्या तोंडाला पानं पुसली गेली. ज्याने किंडलवर पुस्तकं वाचत होतो, आता रंगीत मिळालं, वर सिनेमे पण दिसतात म्हणून घेतला तो खूष. दोघांनी खरंच लिहिलंय. मग तुम्ही रिव्ह्यू वाचताना एवढंच बघायचं की या दोघांतले तुम्ही कोण.

आपल्या लोकांच्या बाबतीत इथे अजून एक पेच होता आणि तो इंग्रजी रिव्ह्यूंमध्ये फारसा दिसणार नाही. अमेरिकेतल्या मराठी घरांत टॅबलेट घ्यायचं मुख्य कारण त्या काळात स्काइपवरचे व्हिडिओ कॉल. आईबाबा पुण्याला नाहीतर नाशिकला, नातवंडं इकडे, रविवारी सकाळी कॉल. त्यांच्यासाठी कॅमेरा नसलेला टॅबलेट फुकट दिला तरी उपयोगाचा नाही. आणि दुसरं म्हणजे डिसेंबरात भारतात जाणाऱ्यांनी बॅगेत टाकून भावाला, भाच्याला नेलेले किंडल फायर. ॲमेझॉनचं ॲप स्टोअर तेव्हा अमेरिकेपुरतं, सिनेमे अमेरिकेपुरते, गुगलचं स्टोअर त्यात नाहीच, म्हणजे भारतात पोचल्यावर उरतं काय तर पुस्तकं आणि ब्राउझर. बिचाऱ्या भाच्याने त्यावर जे मत दिलं असेल ते त्याच्या जागी शंभर टक्के खरं, पण इकडे अमेरिकेत सिनसिनाटीतल्या माणसाच्या काही कामाचं नाही, आणि त्या माणसाचे पाच स्टार भाच्याच्या कामाचे नाहीत. भारतात किंडल फायर एचडी अधिकृतपणे यायला २०१३ चा जून उजाडला. आजही भारतात बसून अमेरिकन रिव्ह्यू वाचत असाल तर हे आधी तपासा, की तो माणूस ज्या सर्व्हिसची स्तुती करतोय ती तुमच्याकडे चालू आहे का.

ब्लॅकबेरी प्लेबुकचं थोडक्यात सांगतो. एप्रिल २०११, सात इंच, किंमत ४९९ च. पण ई-मेलचं स्वतःचं ॲपच नव्हतं, ब्लॅकबेरीचा फोन जोडला तरच मेल दिसायचा. मेलसाठी प्रसिद्ध असलेल्या कंपनीच्या टॅबलेटमध्ये मेल नाही, लोकांनी जे म्हणायचं ते म्हटलं, मेल आला तो फेब्रुवारी २०१२ मध्ये. भारतात हाच प्लेबुक २७,९९० रुपयांना आला होता, आयपॅडच्याच रेंजमध्ये, आणि २०११ संपता संपता १३,४९० ला द्यायला लागले तेव्हा तिकडेही टचपॅडसारखंच झालं, अचानक लोकांना त्याचा आवाज, बांधणी, स्क्रीन सगळं आवडायला लागलं.

एक प्रकार मात्र असा आहे जो पहिल्या महिन्यातल्या रिव्ह्यूंत सापडतच नाही. नेक्सस ७ घ्या, २०१२ च्या जुलैमध्ये आला, गुगल आणि असुसचा, १९९ डॉलर, ३४० ग्रॅम, सरळ अँड्रॉइड, गुगलचं स्टोअर आत. माझ्या मते टक्कर द्यायला आलेल्यांत पहिल्या दिवसापासून सर्वात प्रामाणिकपणे बनवलेला टॅबलेट, आणि लोकांनी तसं कौतुकही केलं. पण दोनेक वर्षांनी त्याच मॉडेलच्या पानावर जा, विशेषतः अँड्रॉइडचं लॉलिपॉप नावाचं अपडेट आल्यानंतर, सगळीकडे एकच रड, की टॅबलेट इतका स्लो झालाय की वाचायला घेतलं तरी पान उलटेना. आयपॅड २ सुद्धा नंतर नंतर रखडायला लागला, पण त्याला अपडेट २०१६ पर्यंत मिळत होती, आणि लोकांच्या मनात ही तुलना बसते. घरात वडीलधाऱ्यांना टॅबलेट घेऊन देताना मुलगा जो प्रश्न विचारतो, "किती वर्षं चालेल?", त्याचं उत्तर नवीन टॅबलेटच्या रिव्ह्यूत असूच शकत नाही. ते पाहिजे असेल तर त्याच कंपनीचा दोन-तीन वर्षांपूर्वीचा मॉडेल काढा आणि त्याचे अलीकडचे रिव्ह्यू वाचा. इतकी साधी गोष्ट आहे, पण करताना कोणी दिसत नाही.

बाकी माझी वाचायची पद्धत विचाराल तर मी आधी तीन स्टारवाले उघडतो. पाचवाला खूष आहे, एकवाला बऱ्याचदा डिलिव्हरीवर नाहीतर फुटलेल्या खोक्यावर चिडलेला असतो, तीनवाल्याने मात्र वस्तू वापरलेली असते आणि त्याला काय जमलं काय नाही ते दोन्ही सांगायचं असतं. मग त्यात मी क्रियापद शोधतो. "वाटतो", "दिसतो" असं लिहिलं असेल तर पुढे जातो, "करतो", "लावतो", "ठेवतो" असं असेल तर थांबून वाचतो, म्हणजे "रोज रात्री चार्जिंगला लावतो", "स्वयंपाकघरात ओट्याजवळ ठेवते", हे लिहिणाऱ्याच्या घरात तो टॅबलेट खरंच फिरतोय. आणि दुकानात ओपन बॉक्सच्या, म्हणजे परत आलेल्या मालाच्या, शेल्फवर एकाच मॉडेलची खोकी सारखी दिसत असतील तर दुकानदाराला परत आलेल्यांचं कारण विचारा, ओळखीचा असेल तर तो सांगतो.

शेवटी तुमच्या प्रश्नातला तो भाग, की मग या सगळ्यांनी आयपॅडचं काहीच वाकडं केलं नाही का. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये जॉब्स म्हणाले होते की सात इंची टॅबलेट जन्मालाच मेलेला आहे, वापरायला बोटं घासून बारीक करावी लागतील. मग दोन वर्षं लाखो लोकांनी सात इंची घेतले आणि लिहिलं की एका हातात मावतो, बसमध्ये उभ्याने वाचता येतो, आणि २३ ऑक्टोबर २०१२ ला ॲपलने स्वतःच ७.९ इंचांचा आयपॅड मिनी जाहीर केला, ३२९ डॉलरला. त्याच्यावर पहिली प्रतिक्रिया काय तर महाग आहे, नेक्सस १९९ ला मिळतो, वर मिनीची स्क्रीन नेक्ससपेक्षा कमी शार्प. मुद्दा खरा होता, मिनीला इंचाला १६३ पिक्सेल आणि नेक्ससला २१६. तरी लोकांनी घेतला, कारण स्क्रीनचे पिक्सेल आयपॅड २ च्याच मापाचे, १०२४ बाय ७६८, ठेवले होते, त्यामुळे आयपॅडची सगळी ॲप्स पहिल्या दिवसापासून जशीच्या तशी चालली.

म्हणजे टक्कर देणाऱ्यांच्या गिऱ्हाइकांनी जे मागितलं होतं ते मिळालं, फक्त दुसऱ्या कंपनीकडून आणि १३० डॉलर जास्त देऊन. आज टॅबलेट घेताना आठ-साडेआठ इंचांचा पर्याय तुम्हाला बऱ्याच कंपन्यांकडे दिसतो, त्यात त्या किंडल फायर आणि नेक्ससवाल्यांच्या रिव्ह्यूंचा मोठा हात आहे असं मी मानतो.